कुलूप लावणारा चोर

सप्टेंबर २०२०च्या पहिल्या आठवड्यात जगभरातल्या अनेक वेबसाइटींवर चोर शिरत होते, आणि आत शिरल्यावर त्यांतले काही जण एक विचित्र काम करत होते. ज्या दारातून ते आत आले, त्या दाराला ते स्वतःच कुलूप लावत होते. मालकाची काळजी म्हणून अर्थातच नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या चोराला तिथून शिरता येऊ नये, एवढाच हेतू.

मी लातुरात राहतो आणि वेबसाइटी बनवतो, सांभाळतो. लातूर-नांदेडकडच्या शाळा, कॉलेजं, क्लासेस, पतसंस्था, मंगल कार्यालयं, दवाखाने ही माझी गिऱ्हाइकं. त्यामुळे बातमीतली तांत्रिक बाजू मला लगेच समजली. डोक्यात राहिली ती दुसरीच गोष्ट. घराला पहिलं कुलूप चोरानं लावलं, म्हणजे आत काय आहे याची किंमत चोराला कळली होती, मालकाला नाही. मग अशा घरातून जे गेलं, त्याचा जाब कोणाला विचारायचा? चोराला, हे उघड आहे. पण फक्त चोरालाच?

फोटो म्हणून आलेला हुकूम

आधी हा प्रकार काय असतो ते पाहू. जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चारहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. वर्डप्रेस फुकट मिळतं आणि त्याला हवे तसे प्लगिन जोडता येतात. फॉर्म हवा, घ्या प्लगिन. फोटोंची गॅलरी हवी, घ्या प्लगिन. यांतले बरेचसे फुकट असतात आणि दोन क्लिकमध्ये बसतात. तुम्ही अकरावीचा किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना 'येथे कागदपत्र अपलोड करा' असं बटण दाबता, तेव्हा बऱ्याचदा असाच एखादा प्लगिन तुमची फाइल घेऊन सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवत असतो.

आता सर्व्हरची एक सवय लक्षात घ्या. जेपीजी किंवा पीडीएफ फाइल कोणी मागितली, तर तो ती जशीच्या तशी दाखवतो. पण फाइलच्या नावाचा शेवट 'डॉट पीएचपी' असेल, तर तो ती दाखवत नाही, पाळतो. त्यात लिहिलेलं काम करून टाकतो. समजा एखाद्यानं फोटोच्या जागी पीएचपी फाइल चढवली, प्लगिननं ती न तपासता घेतली आणि सर्वांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवली. आता त्या माणसानं फक्त ब्राउझरमध्ये त्या फाइलचा पत्ता टाकायचा. सर्व्हर त्याचं ऐकू लागतो. डेटाबेस वाच म्हटलं की वाचतो, पानावर जुगाराची जाहिरात लाव म्हटलं की लावतो, बाकीच्या फाइली पाठव म्हटलं की पाठवतो. त्याच्या दृष्टीनं तो मालकाचीच आज्ञा पाळतोय.

२०२०च्या प्रकरणात 'फाइल मॅनेजर' नावाचा प्लगिन होता, सात लाखांहून अधिक साइटींवर बसवलेला. त्यानं 'एलफाइंडर' नावाची दुसऱ्यांनी लिहिलेली लायब्ररी वापरली होती. त्या लायब्ररीत नमुना म्हणून एक फाइल येते आणि ती चुकूनही चालू नये म्हणून तिच्या नावाला मुद्दाम वेगळं शेपूट लावलेलं असतं. प्लगिन बनवताना ते शेपूट काढून टाकलं गेलं. फाइल चालती झाली, आणि लॉगिन न करता कोणालाही तिच्यामार्फत आत काहीही चढवता येऊ लागलं. १ सप्टेंबरला हे उघडकीला आलं, त्याच दिवशी दुरुस्ती निघाली. पण हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. आणि प्लगिनची दुरुस्ती निघणं म्हणजे तुमच्या साइटीवरची दुरुस्ती होणं नव्हे. ती कोणीतरी बसवावी लागते.

ऐकणं आणि मानणं

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारात गेलेल्या प्रत्येकाला जोडाघर माहीत आहे. तुम्ही पायातले जोडे काढून देता, सेवादार ते घेतात, खणात ठेवतात आणि तुम्हाला टोकन देतात. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांचं सगळं घेतलं जातं. पण ते बाहेरच राहतं, दरबार साहिबात जात नाही. ठेवताना त्याला तुमचं नाव नसतं, त्यांचा नंबर असतो. आणि ते फक्त ठेवलं जातं, त्याचा दुसरा कोणताही उपयोग होत नाही.

सुरक्षित अपलोडची सगळी विद्या एवढीच आहे. जी फाइल अपेक्षित आहे त्याच प्रकारची घ्या. नावावर विश्वास ठेवू नका, आत खरंच फोटो आहे का ते पाहा. पाहुण्यानं दिलेलं नाव काढून स्वतःचं नाव द्या. ती सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवा. आणि त्या जागी कोणतीही फाइल चालणार नाही, अशी सर्व्हरला ताकीद द्या.

यात मला एक जुना विवेक दिसतो. अनोळखी माणसाला दार उघडणं हा दोष नाही. दारच न उघडणारी संस्था काय कामाची? दोष तेव्हा घडतो, जेव्हा आलेल्याचं सामान आपण हुकूम म्हणून घेतो. सगळ्यांचं ऐकावं, पण ऐकलेलं सगळं मानू नये, हे आपण पोरांना शिकवतो. यंत्राला ते आपोआप येत नाही. यंत्रासाठी ही सीमा कोणीतरी माणसानं आखून द्यावी लागते, आणि जिथे ती आखलेली नसते, तिथे कोणीतरी ती आखायचं राहिलेलं असतं. प्रश्न पुन्हा तोच: कोणी?

फुकटची पाणपोई

पहिलं बोट बहुधा प्लगिन लिहिणाऱ्याकडे जातं. तो म्हणतो, मी फुकट दिलं, परवान्यात स्पष्ट लिहिलंय की कसलीही हमी नाही. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याकडेला कोणी पाणपोई घालतं. रांजण, वर ओला कपडा, एक ओगराळं. तो माणूस उद्या पाणपोई बंद करू शकतो, तुम्ही त्याला दम देऊ शकत नाही. पण पाणी खराब झाल्याचं त्याला कळलं आणि तरी रांजण तसाच ठेवला, तर 'मी फुकटच देत होतो' हे उत्तर पुरणार नाही. फुकट देणाऱ्याकडून आपण सातत्य मागू शकत नाही. धोका कळल्यावर तो सांगावा, एवढं मात्र नक्की मागू शकतो.

पण त्यालाच न कळेल असा धोकाही असतो. 'जेक्वेरी फाइल अपलोड' हा सेबास्टियन चान यांनी लिहिलेला अतिशय लोकप्रिय प्लगिन. त्यांनी अपलोड फोल्डरमध्ये 'डॉट एचटीअॅक्सेस' नावाची एक छोटी फाइल ठेवली होती. इथे काही चालवू नकोस, असं ती सर्व्हरला सांगायची. इकडे २०१०मध्ये अपाची सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत, वेग आणि सुरक्षा यांचा विचार करून, अशा फाइलींकडे मुळात पाहायचंच नाही, हे नेहमीचं धोरण झालं. दारावरची पाटी जागेवरच होती, पण वाचणाऱ्यानं वाचणं सोडलं होतं. २०१८मध्ये अकामाई कंपनीतल्या लॅरी कॅशडॉलर यांनी हे दाखवून दिलं, तोवर या प्लगिनच्या सुमारे ७,८०० नकला-सुधारित आवृत्त्या कुठे कुठे वापरल्या जात होत्या. चान यांनी मूळ प्लगिन लगेच दुरुस्त केला. नकलांची दुरुस्ती त्यांच्या हातात नव्हती.

यात वाईट वागलं कोण? अपाचीवाल्यांनी विचारपूर्वक निर्णय घेतला. चान यांनी संरक्षण ठेवलं होतं. नकला करणाऱ्यांनी नावाजलेलं काम उचललं. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणानंच केलं, आणि सगळ्यांचं मिळून एक उघडं दार तयार झालं. आणखी एक गोष्ट. हे दार कसं उघडायचं, याचे व्हिडिओ २०१५पासून यूट्यूबवर होते. चोरांना तीन वर्षं आधीच माहीत होतं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण इथे उलटी पडते. मूठ झाकलेली होती फक्त मालकांसाठी.

किल्लारीचा नकाशा

'प्रत्येकानं शहाणपणानंच केलं' म्हणजे मग कोणीच जबाबदार नाही का? लातूर जिल्ह्यातल्या माणसाला या प्रश्नावर विचार करायला लांब जावं लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराखाली गेले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. जाड भिंत म्हणजे पक्कं घर, उन्हाळ्यात गार आणि चोरापासून सुरक्षित, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण होतं. देशाच्या तेव्हाच्या भूकंप-नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या भिंती बांधणाऱ्या आजोबांना कोणी दोषी म्हणणार नाही, म्हणूही नये. त्यांना जे कळत होतं, त्यात त्यांनी उत्तम घर बांधलं होतं.

पुढे २००२मध्ये नकाशा बदलला, लातूरचा हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. भिंतीला काँक्रीटचे पट्टे का हवेत, हे गावोगावच्या गवंड्यांना कळलं. आता कोणी शाळेची इमारत पट्ट्यांशिवाय, जुन्याच पद्धतीनं बांधली आणि 'आमच्याकडे असंच बांधतात' म्हटलं, तर? भिंत तीच, पण माणूस निर्दोष राहिला नाही. मधे काय बदललं? फक्त एक गोष्ट: आता ते माहीत आहे.

म्हणून मला वाटतं, दोषाची रेघ दार उघडं राहण्यापाशी नसते. दार उघडं आहे हे कळण्याची सोय जेव्हा होते, तिथे ती असते. प्लगिनमधल्या त्रुटी आता नियमित जाहीर होतात, नावानिशी, आवृत्तीच्या आकड्यानिशी. दुरुस्ती बऱ्याचदा एका बटणावर असते. अशा वेळी 'आम्हाला माहीत नव्हतं' ही हकीगत राहत नाही, ती निवड होते. कोणी म्हणेल, मुख्याध्यापकांना पीएचपी कुठून कळणार? कळायची गरजच नाही. जीप चालवणाऱ्याला इंजिन उघडता येत नाही, पण सर्व्हिसिंग करावं लागतं हे त्याला माहीत असतं आणि त्याचे पैसे तो बाजूला ठेवतो. इथे अडतं ते बरोबर यापाशी. आमच्याकडे वेबसाइटचा व्यवहार 'एकदाच काय ते सांगा' असा असतो. साइट म्हणजे गेटवरचा फलक, एकदा रंगवला की दहा वर्षं बघायला नको, असं संस्थाचालक समजतात. साइटीवर फक्त नाव, पत्ता आणि फोटो असतील तोवर ते बरंचसं खरंही आहे. पण ज्या दिवशी तिथे 'अपलोड करा' असं बटण आलं, त्या दिवशी फलकाचं दार झालं.

'नाही' म्हणता येत नसेल तर

काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातल्या एका संस्थेनं मला बोलावलं. साइट दुसऱ्या कोणी बनवलेली होती. गूगलवर संस्थेचं नाव टाकलं की खाली ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती दिसत होत्या, आणि नेमके प्रवेशाचे दिवस होते. अपलोडच्या फोल्डरमध्ये मला हवी ती फाइल सापडली, फोटोचं नाव घेऊन बसलेली, शेवट पीएचपी. पण तिच्या आजूबाजूला जे होतं ते पाहून मी थांबलो. आधीच्या तीन वर्षांच्या प्रवेशअर्जांसोबत आलेले कागद: आधार, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान. सगळे उघड्या फोल्डरमध्ये.

सचिवांचं म्हणणं एवढंच होतं, ''साफ करून द्या. गवगवा नको.''

ऑफिसात एक पालक बसले होते, मुलीच्या टीसीसाठी आलेले. आमचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ''सर, आमच्या लेकीचं आधार बी हाय का हो त्याच्यात? कुणी नेलं का ते?''

मी त्यांना खरं तेच सांगितलं. साइटीवर कोण आलं-गेलं याची नोंद सर्व्हरवर असते, पण इथे ती गेल्या काही आठवड्यांचीच शिल्लक होती. त्याआधी कोणी काय नेलं, हे कळायला मार्ग नव्हता. नेलं असं म्हणता येत नव्हतं, नाही नेलं असंही म्हणता येत नव्हतं.

ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ''मग 'नाही' म्हणता येत नसंल, तर आमी 'हो' धरूनच चालावं की.''

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं कोणाकडेच नाही. वस्तू चोरीला गेली तर निदान ती गेल्याचं कळतं. कागदाची प्रत गेली तर मूळ कागद जागेवरच असतो. गमावलेली असते ती खात्री. पुढे कधीही त्या मुलीच्या नावावर कोणी सिम घेतलं, कर्ज काढलं, तर ते इथूनच गेलं होतं का, हे तिला कधी कळणार नाही. त्यात तिचा दोष किती? फॉर्मवर त्या रकान्यापुढे लाल तारा होता. कागद चढवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. प्रवेश हवा असेल तर द्या, याला संमती म्हणणं जड जातं. आणि कुलूप तपासायची मुभा तर तिला कधीच नव्हती.

अमानत

आमच्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासून एक शब्द रुळलेला आहे: अमानत. विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू. ती हरवली तर 'चोरानं नेली' म्हणून सुटका होत नाही. लोक विचारतात, तू ठेवली कुठे होतीस? हा प्रश्न चोराचा गुन्हा कमी करत नाही. चोराचा गुन्हा पूर्ण आहे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० त्यासाठी आहे. पण एकाचा दोष पूर्ण असला म्हणून दुसऱ्याचा शून्य होत नाही. दोष म्हणजे भाकरी नव्हे, की एकानं सगळी खाल्ली तर दुसऱ्याला उरणार नाही.

म्हणून माझं उत्तर असं: सांभाळण्याची पहिली जबाबदारी मागणाऱ्याची. प्लगिन लिहिणाऱ्यानं त्या मुलीचं आधार मागितलं नव्हतं, तिच्याशी त्याची ओळखही नाही. ते मागितलं संस्थेनं. मागितल्या क्षणी ती अमानत झाली. माझ्यासारख्या साइट बनवणाऱ्याची जबाबदारी दुसरी: देखभालीशिवाय हे दार धोक्याचं आहे, हे काम देण्याआधी लेखी सांगणं, आणि देखभाल होणार नसेल तर अपलोडचा रकाना न बसवणं. गिऱ्हाईक जातं कधी कधी. जावं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही दिशा हीच धरली आहे. माहिती गोळा करणाऱ्यानं तिचं वाजवी रक्षण करायचं, आणि ती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला कळवायचं. 'गवगवा नको' या वृत्तीला हे मान्य होणं कठीण आहे. पण विचार करा, त्या पालकांनी ऑफिसात बसून चुकून ऐकलं नसतं, तर त्यांना कळलं कसं असतं? आपलं काय गेलं हे कळण्याचा हक्कच काढून घेणं, ही दुसरी चोरी झाली. ती बाहेरच्या हॅकरनं केलेली नसते.

यावर नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. छोट्या संस्थेकडे पैसा कुठे? शिक्षकांचे पगार वेळेवर होत नाहीत, तिथे सुरक्षेसाठी माणूस कुठून ठेवायचा? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर स्वस्त आहे: मागू नका. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद हातात घेऊन पाहणारच असाल, तर आधी ते अपलोड कशाला? पासबुक स्कॉलरशिपच्या वेळी लागतं, मग ते अर्जासोबत का? प्रवेश संपल्यावर तीन वर्षं ते फोल्डर कोणासाठी ठेवायचं? जे घेतलं नाही ते चोरीला जात नाही. सांभाळायला पैसा लागतो, पण न मागणं आणि काम झाल्यावर पुसून टाकणं गरिबातल्या गरीब संस्थेलाही परवडतं. ते होत नाही याचं कारण गरिबी नाही. 'असू द्या, कधी लागेल' ही सवय आहे.

दर जूनमध्ये लातूरला बाहेरगावची हजारो पोरं येतात, क्लासेसचे, होस्टेलचे, कॉलेजचे फॉर्म भरतात. तुम्हीही त्यांतले एक असाल, किंवा धाकट्या भावंडाचा फॉर्म मोबाइलवर भरून देत असाल. लाल ताऱ्यापुढे तुम्ही एकटे फार काही करू शकत नाही, हे मला कळतं. पण काउंटरवर विचारता येतं: हा कागद आत्ताच का लागतो? तो कुठे ठेवता? प्रवेश झाल्यावर कधी पुसता? बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस गोंधळून पाहील, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. विचारणारे दहा झाले, तर तो संध्याकाळी हे सरांच्या कानावर घालेल. मग सर मला किंवा माझ्यासारख्या कोणाला तरी फोन करतील. मला असे फोन आजवर दोनदाच आले आहेत, आणि दोन्ही वेळा आम्ही अर्ध्या तासात जुनी फोल्डरं रिकामी केली.